तिसरा ठिपका

"बाई, ह्यो पण सरकता!"

आषाढातली दुपार. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की माझ्या एका विद्यार्थिनीला हे दोनदा ओरडून सांगावं लागलं. मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात विज्ञान शिकवते. पावसाळ्यात आमच्याकडे एक तारा दिसायची मारामार, आणि त्याच दिवसांत आमची मुलं लघुग्रह शोधत बसलेली असतात. छायाचित्रं येतात हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावरून. तिथली पॅन-स्टार्स दुर्बीण, 1.8 मीटर व्यासाच्या आरशाची, आकाशाचा एकच तुकडा थोड्याथोड्या वेळानं चारदा टिपते. आयएएससी हा आंतरराष्ट्रीय उपक्रम ते संच शाळांना पाठवतो. आम्ही अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही चित्रं एकामागून एक फिरवत ठेवतो. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरळ रेषेत, सारख्या अंतरानं पुढे जातो, तो लघुग्रह असू शकतो.

सांगायला सोपं आहे, पण पडद्यावर राखाडी रवा सांडल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्यातला एखादा बिघडलेला बिंदू, एखादा वैश्विक किरण, सगळे ठिपकेच. खरा ठिपका असेल तर त्यावर क्लिक केल्यावर प्रकाशाचा आलेख देवळातल्या घंटेसारखा उठतो, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता. खोटा असेल तर खिळ्यासारखा नुसता टोकदार. नववीतल्या या मुलीची नजर मात्र विलक्षण. तिचे वडील तांडेल. जून-जुलैची मासेमारीबंदी, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, म्हणून घरी कामाची घाई नाही. ती रोज शाळा सुटल्यावर दोन तास बसायची.

त्या दिवशी तिला एकाच संचात तीन ठिपके सापडले आणि तिन्हींशेजारी नाव नव्हतं. माहीत असलेल्या लघुग्रहांशेजारी सॉफ्टवेअर आपणहून नाव दाखवतं. नाव नाही म्हणजे यादीत नाही. तीन वर्षांत आम्हाला असा एकही मिळाला नव्हता. मी लगेच मुख्याध्यापकांना फोन केला, दोन शिक्षक पाहायला आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री घरी अहवाल तयार केला आणि पाठवण्याआधी सहज यादीच्या फाईलची तारीख पाहिली. दोन वर्षांपूर्वीची. उन्हाळ्यात लॅपटॉप दुरुस्त होऊन आला तेव्हा मीच जुन्या पेनड्राइव्हवरून ती टाकली होती. मधल्या दोन वर्षांत जगभरात सापडलेले सगळे लघुग्रह आमच्या दृष्टीनं अस्तित्वातच नव्हते. पोटात खड्डा पडला. झोप लागली नाही. चूक माझी होती आणि आनंद मी त्या मुलीच्या पदरात टाकून बसले होते.

नवी यादी उतरवून घ्यायची तर फाईल जड, आणि आमच्या गावात पावसात रेंज नसतेच. सकाळी रेंजसाठी सड्यावर, गावावरच्या उघड्या पठारावर, जायचं ठरवलं. कळल्यावर तीही वडिलांच्या मोटारसायकलवरून आली. सड्यावरच्या एसटीच्या थांब्यात आम्ही तिघं बसलो, बाहेर जांभ्यावर साचलेलं पाणी, फोनवर हळूहळू पुढे जाणारे आकडे. मी तिला स्पष्ट सांगितलं, "तिन्ही जुने निघतील, माझी चूक झाली." ती काही बोलली नाही. मग वेळ काढायला मी तिला सेरेसची, पहिल्या सापडलेल्या लघुग्रहाची, गोष्ट सांगितली.

1 जानेवारी 1801 ला सिसिलीत पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझींना एक अंधूक बिंदू ताऱ्यांमधून सरकताना दिसला. फेब्रुवारीच्या 11 तारखेपर्यंत त्यांनी वेध घेतले, मग ते आजारी पडले, आणि बिंदू सूर्याच्या उजेडात गेला. हरवलाच. कुठे शोधायचा, कोणालाच सांगता येईना. तेव्हा चोविशीतल्या गाऊस या जर्मन गणितज्ञानं त्या थोड्या नोंदींवरून कक्षा काढली, आणि 31 डिसेंबरला तो त्यानं सांगितल्याजवळच पुन्हा दिसला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा पहिला, सुमारे 940 किलोमीटर व्यासाचा. आज क्रमांक मिळालेले आठ लाखांहून जास्त आहेत, तरी पट्ट्यातलं सगळं मिळून चंद्राच्या साधारण तीन टक्केच वस्तुमान भरतं.

तिचे वडील शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "आमचो आजो असोच करी. खोल पाण्यात खडप गावला तर किनाऱ्याच्या दोन खुणा धरून ठेवायचो. देवळाचो कळस आणि मागचो डोंगर एका रेषेत इलो की जाळा टाकूचा. खुणा नाय धरल्यो तर गावलेला खडप परत गावाचा नाय."

मी मोजमाप तीन वर्षं शिकवत होते, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. आमचा अहवाल म्हणजे तेच असतं: चार वेळा, आणि त्या चार वेळी आसपासच्या ठाऊक ताऱ्यांच्या खुणेनं ठिपक्याची जागा. लघुग्रहाचं चित्र त्यात नसतंच.

फाईल उतरली. थांब्यातच लॅपटॉप उघडून यादी बदलली. पहिल्या ठिपक्याशेजारी नाव उमटलं. दुसऱ्याशेजारीही. तिसऱ्याशेजारी काही आलं नाही. मी पुन्हा लोड केलं. नाही. तेजस्विता 21 च्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्याच्या जवळपास दहा लाखाव्या भागाएवढा उजेड. चारही चित्रांत घंटेसारखा आलेख, एका रेषेत, तासाला सुमारे तीस विकला वेगानं (विकला म्हणजे एका अंशाचा 3600 वा भाग). चंद्राची तबकडी ओलांडायला त्याला अडीच दिवस लागतील. पृथ्वीच्या जवळून जाणारे बहुधा याहून बरेच जलद सरकतात. हा वेग मुख्य पट्ट्यातल्याचा.

"केवढो असात, बाई?" तिनं विचारलं. मुख्य पट्ट्यात इतका अंधूक दिसणारा साधारण किलोमीटरभर. कार्बनयुक्त, कोळशासारखा काळा असेल तर थोडा मोठा, दगडी आणि उजळ असेल तर लहान. याहून जास्त सांगणं खोटं ठरेल, मार्गाच्या एवढ्याशा तुकड्यावरून कक्षा ठरत नाही. सूर्याभोवती फिरायला पट्ट्यातल्यांना साधारण तीन ते सहा वर्षं लागतात, एवढंच सांगितलं.

अहवाल तिथूनच पाठवला. पाठवताना बोट तिचं होतं.

चार दिवसांनी प्राथमिक शोध म्हणून नोंद झाल्याची मेल आली. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत कोणीतरी तो पुन्हा पाहायला हवा होता. ते दिवस तिनं कसे काढले मला माहीत आहे, रोज शाळेत आल्या आल्या माझ्याकडे बघायची. नंतर कळलं, तो पुन्हा दिसला आणि त्याला तात्पुरतं नाव मिळालं: आधी वर्ष, मग 'ओ' हे अक्षर, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्याचं, मग आणखी एक अक्षर आणि आकडे. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायला सहा ते दहा वर्षं लागू शकतात. नाव सुचवायची पाळी त्यानंतरची.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बंदी उठायला दोनच दिवस राहिले होते, पडवीत वडील जाळं दुरुस्त करत होते. तिनं ते नाव वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली चारही वेळांच्या जागा.

"आता खय असा तो?" त्यांनी विचारलं.

ती वही घेऊन पायरीवर उभी राहिली, क्षणभर विचार केला, आणि पावसातून, माडांच्या शेंड्यांच्या वर, आग्नेयेकडे हात केला.