कपाटात असलेले पुस्तक

सांगली जिल्ह्यातील काही सार्वजनिक ग्रंथालयांत ‘कोहा’ ही पुस्तकांच्या व सभासदांच्या नोंदी ठेवणारी मुक्तस्रोत (कुणालाही वापरता व बदलता येणारी) संगणकप्रणाली बसवून देण्याचे व सांभाळण्याचे काम मी करतो. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली प्रथम वापरात आलेल्या या प्रणालीत कोणत्या सुधारणा हव्यात, हे समजून घेण्यासाठी गेल्या पावसाळ्यात आम्ही सांगलीत ग्रंथपालांची बैठक बोलावली आणि एका चिठ्ठीवर एकच मागणी लिहावी, अशी विनंती केली.

४३ चिठ्ठ्या जमल्या. सारख्या मागण्या एकत्र केल्यावर १७ उरल्या. सभासदांची ओळखपत्रे छापणे सोपे व्हावे, असे ११ जणांनी लिहिले होते, म्हणून ती मागणी मी फळ्यावर सर्वांत वर मांडली. तासगाव तालुक्यातील एका ग्रंथपाल बाईंची चिठ्ठी तळाशी गेली: ‘पुस्तक कपाटात आहे, संगणक नाही म्हणतो.’ नोंद करताना चूक झाली असेल, असे समजून मी ती बाजूला ठेवत होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, “सर, एकदा शोधून तर बघा.”

मी ‘ॲक्युप्रेशर’ असे टाइप केले; एकही पुस्तक आले नाही. बाईंनी दाखल क्रमांक सांगितला, तेव्हा नोंद समोर आली आणि शीर्षकात अगदी तोच शब्द होता. दोन्ही शब्दांची अक्षरे सुटी करून पाहिल्यावर उलगडा झाला. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून ते उमटवत असत आणि कित्येक जण अजूनही तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, परंतु युनिकोडच्या नियमांत ती परस्परांशी समान धरलेली नसल्यामुळे शोधताना त्यांची सांगड आपोआप बसत नाही.

ओळखपत्राची छपाई अवघड असली तर ग्रंथपालांचा वेळ जातो, आणि ते तसे सांगतात. पुस्तक नाही असे ऐकून परत गेलेला वाचक मात्र कधीच तक्रार करीत नाही, कारण ते कपाटात होते हे त्याला कळलेलेच नसते. ही गोष्ट इतकी वर्षे माझ्या लक्षात आली नाही, याचे मला फार वाईट वाटले. मी फळा पुसला आणि मागणी पुरी न झाल्यास वाचकाचे काय अडते, हे प्रत्येक चिठ्ठीपुढे सर्वांना विचारून क्रम नव्याने लावला.

त्याच रात्री, नेमके काय टाइप केले असता काय घडते ते पायरीपायरीने लिहून, मी बाईंची मागणी कोहाच्या बगझिलावर, म्हणजे चुका व सुधारणा नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, नोंदवली. प्रणालीतला बदल कुणी लिहून दिल्यावर दुसऱ्या कुणी तो तपासायचा, त्यानंतर गुणवत्तेची तपासणी व्हायची आणि मगच तो मे किंवा नोव्हेंबरच्या आवृत्तीत येणार. तोवर शब्द दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहा, असे मी बाईंना सांगून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्यांचा फोन आला: “सर, अजून नऊ सापडली.”