तुम्ही विचारलंत म्हणून: थोरो, गांधीजी आणि नागपुरात राहिलेला एक अमेरिकन

वर्गात, व्याख्यानानंतर, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एक प्रश्न हटकून विचारला जातो: "सविनय कायदेभंगाबद्दल अमेरिकन लेखक थोरोनं लिहिलं, गांधीजींनी वाचलं, अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगनी उचललं. एवढंच ना?" मी इतिहास शिकवते, त्यामुळे लोकांना माझ्याकडून होकार हवा असतो. मला तो देता येत नाही.

थोरोचं मोठेपण मी मानते. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही, म्हणून १८४६मध्ये तो एक रात्र तुरुंगात राहिला. कुणीतरी परस्पर कर भरला आणि सकाळी तो सुटला. त्यावरचा त्याचा निबंध १८४९मध्ये छापून आला. पण तिथे लढणारा तो एकटाच होता. ११ सप्टेंबर १९०६ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जमलेल्या भारतीय लोकांनी सरकारनं त्यांच्यावर लादलेल्या सक्तीच्या नोंदणीपुढे मान तुकवायची नाही अशी शपथ घेतली, ती सगळ्यांनी मिळून. थोरोचा निबंध हाती पडला तेव्हा आपला लढा बराच पुढे गेलेला होता, असं गांधीजींनीच १९३५च्या एका पत्रात लिहून ठेवलंय. आधार मिळाला तो नंतर.

आणि ज्यानं हा मार्ग घेतला त्यानं तो जसाच्या तसा घेतला नाही. १९२७च्या महाडच्या लढ्याला बाबासाहेबांनी सत्याग्रहच म्हटलं, पण तिथे कायदा मोडायचा नव्हताच. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३मध्येच केला होता. मोडायची होती ती रूढी.

आता नागपूरची गोष्ट, जी आमच्याकडेच फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जेम्स लॉसन हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन तुरुंगात जाऊन आला होता. १९५३मध्ये तो मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. मुलांना खेळ शिकवायचा आणि गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करायचा. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी डिसेंबर १९५५मध्ये त्यानं वाचली ती नागपूरच्याच वर्तमानपत्रात. पुढच्या वर्षी तो परतला, किंगना भेटला आणि नॅशव्हिल शहरात जाऊन त्यानं विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले.

या वर्गांत नुसती भाषणं नसत. काही मुलं फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या, दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसल्यासारखी बसत आणि बाकीची त्यांना शिव्या देत, धक्के मारत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. बसलेल्यानं उलटून बोलायचं नाही, हात उचलायचा नाही. मार पडला तर डोकं कसं वाचवायचं, शेजारच्याला कसं झाकायचं, हेसुद्धा घोटून घेतलं जाई. राग गिळायची ही तालीम महिनोन्‌महिने चालली. फेब्रुवारी १९६०मध्ये ही मुलं खरोखरच काउंटरवर जाऊन बसली, तेव्हा त्यांना करून दिलेल्या नियमांत ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, अशा अगदी साध्या गोष्टी होत्या. मुलांना मारहाण झाली, अटक मात्र मुलांनाच झाली. लॉसनला त्याच्या विद्यापीठानं काढून टाकलं.

म्हणून मी म्हणते, निबंध वाचून कुणाला असं बसता येत नाही. विचार पुस्तकातून मिळतो हे खरं, पण अंगावर धावून येणाऱ्यासमोर हात खाली ठेवायची सवय माणसाकडून माणसाकडे जाते, आणि ती लावायला कुणीतरी वेळ द्यावा लागतो.

१० मे १९६०ला नॅशव्हिलमधल्या सहा दुकानांनी काळ्या गिऱ्हाइकांना काउंटरवर वाढायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या 'फ्रीडम राइड' तुकडीवर अलाबामात हल्ले झाले आणि तो प्रवास थांबायच्या बेतात आला. तो पुढे न्यायला डायन नॅश या विद्यार्थी नेतीनं जी मुलं पाठवली, ती नॅशव्हिलमधलीच होती.