लिनक्ससाठी कोणता लॅपटॉप घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ‘दादा, लिनक्स टाकायचंय, कोणता लॅपटॉप घेऊ?’ हा प्रश्न सांगलीत, त्यातून विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाला नवा नाही. वालचंद कॉलेजात मुलांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाची पोरंही विचारत येतात. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून शिक्षक, दुकानदार, निवृत्त मंडळीही विचारू लागली आहेत. त्यांचं मशीन ठणठणीत असतं, पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत.

सगळ्यांना मॉडेलचं नाव हवं असतं. मी आधी विचारतो, वाय-फायची चिप कुठली आहे?

दुकानात मांडलेला जवळपास प्रत्येक लॅपटॉप विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. त्यातल्या प्रत्येक भागाचा विंडोज ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, मिळेल हे कंपनी पाहते. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर मात्र कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात, आणि तिथे ते तेव्हाच येतात जेव्हा चिप बनवणारा स्वतः लिहून देतो किंवा दुसरं कोणीतरी चिकाटीने लिहितं. म्हणून प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची चिंता करू नका, ती चालतातच. घोडं अडतं ते खोक्यावर ज्यांचं नावही छापलेलं नसतं अशा भागांपाशी.

वाय-फाय इंटेलचं असेल तर डोळे झाकून घ्या. एएक्स२०० किंवा एएक्स२१० असलेल्या मशीनवर इन्स्टॉलर सुरू होतो तेव्हाच आसपासची नेटवर्क दिसू लागतात. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, जे अजून चालू झालेलं नसतं. अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्यावं लागतं. रिअलटेकचं काही सांगता येत नाही, काही चिप पहिल्या झटक्यात चालतात, काही रडवतात. आणि एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळी कार्डं निघू शकतात. म्हणून मित्राकडे आहे तोच घेतला, हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड गेम किंवा मशीन लर्निंगसाठी खरोखर लागणार असेल तरच घ्या. त्याचा ड्रायव्हर आता पूर्वीपेक्षा बरा आहे, पण दोन ग्राफिक्स एकत्र नांदवण्याचा ताप आणि बॅटरीचा खर्च राहतोच. साध्या कामाला इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स उत्तम.

झोपेकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. झाकण मिटलं की लॅपटॉपने गाढ झोपायला हवं. जुन्या पद्धतीत फक्त रॅम जागी राहायची, बाकी सगळं बंद. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमधून ती पद्धतच काढून टाकली आहे. नव्या पद्धतीत मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं, आणि लिनक्समध्ये एखादा भाग नीट झोपला नाही की बॅटरी गळत राहते. सांगलीहून पुण्याच्या एसटीत बसलात आणि स्वारगेटला बॅग उघडली तर मशीन तापलेलं आणि चार्ज संपलेला! लेनोव्होच्या काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, स्लीप स्टेटखाली विंडोज आणि लिनक्स असे दोन पर्याय असतात, तिथे लिनक्स निवडलं की हा प्रश्न सुटतो.

आता दुकानात काय करायचं ते. उबंटू किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाचा पेनड्राइव्ह घरूनच करून न्या. डेमोचं किंवा जुनं मशीन असेल तर दुकानदाराला विचारून तो लावा आणि चालू करताना बूट मेनूचं बटण दाबा, थिंकपॅड आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९. ‘ट्राय’ निवडलं की इन्स्टॉल न करता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटला वाय-फाय जोडा. स्पीकरचा आवाज ऐका, मग हेडफोन लावून ऐका. ब्राइटनेसची बटणं दाबा. कॅमेरा उघडून बघा, कारण इंटेलच्या बाराव्या पिढीपासून काही महागड्या लॅपटॉपमध्ये असा कॅमेरा आला आहे की लिनक्सला तो सहज दिसतच नाही. झाकण मिटा, दुकानदाराशी दोन मिनिटं बोला, पुन्हा उघडा. पडदा काळाच राहिला तर ते मशीन तिथेच ठेवा. शेवटी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्या. ओळीमागून ओळ येते. ज्या ओळीत नेटवर्क कंट्रोलर लिहिलंय तिच्या चौकटी कंसात विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडलेले दोन आकडे दिसतील. पहिला ८०८६ असेल तर चिप इंटेलची. इंटेलने १९७८ साली आणलेल्या प्रोसेसरचाच तो आकडा आहे, आणि तो दिसला की मला अजूनही बरं वाटतं.

सीलबंद नव्या खोक्यावर ही परीक्षा होत नाही. तेव्हा नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल टाळा, वर्षभर जुनं घ्या, तोवर ड्रायव्हर कर्नेलमध्ये पोचलेले असतात. उबंटूची प्रमाणित लॅपटॉपची यादी आहे, ती चाळा. विंडोजऐवजी डॉस घालून स्वस्तात विकलेला लॅपटॉप लिनक्सला चालेलच असं मात्र समजू नका. तिथे फक्त विंडोजचे पैसे वाचलेले असतात, चिप त्याच.

तरीही नाव हवंच असेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले, रिफर्बिश्ड म्हणून विकले जाणारे लॅपटॉप बघा: थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५. तिन्ही बहुतेक वेळा इंटेलच्या आठव्या पिढीचे मिळतात, तिन्हींत रॅम वाढवता येते. टी४८०मध्ये आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असतात, मशीन चालू असताना बाहेरची बदलता येते. फक्त त्याचा एनव्हिडियावाला प्रकार घेऊ नका. बायोसला आधीच्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड नाही ना, तेही बघा. असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या. बॅटरी मूळ किती क्षमतेची होती आणि आता किती भरते, हे दोन्ही आकडे लिनक्स दाखवतं, त्यांवरून भाव करता येतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला तर चालला, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या रेड पद्धतीवर असतं, ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावं लागतं. त्याच मशीनवर विंडोजही ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरल्या कुलपाची, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि मगच बायोसला हात लावा.

आणि काही जणांना मी सरळ नको म्हणतो. छापखान्यात श्रीलिपीवर सगळा जुना मजकूर पडून असेल, किंवा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीचा हिशोब टॅलीवर असेल, तर कामाचं मशीन विंडोजवरच राहू द्या. घरातला जुना लॅपटॉप काढा, त्यावर लिनक्स टाका आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करून बघा. पुढे काय अडलं तर या, बसून बघू.