तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशी शिक्षण स्वस्तात कुठे मिळतं?

‘हाताशी पैसे फारसे नाहीत, पण बाहेरच्या देशात शिकायचंय. सगळ्यात स्वस्त देश कोणता?’ हे मला वारंवार विचारलं जातं. कधी विद्यार्थी विचारतात, बहुतेकदा त्यांचे आईवडील. मी शिष्यवृत्तीचे अर्ज वाचण्याचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे एखादी गुप्त यादी असणार अशी लोकांची समजूत आहे. यादीबिदी काही नाही. मत मात्र आहे, आणि ते असं की देशाच्या आधी पातळी ठरवा. पदवी, पदव्युत्तर, पीएचडी असं वर जाल तसतसा खर्च उचलायला दुसरं कुणीतरी तयार होत जातं. शाळा संपल्या संपल्या कर्ज काढून पदवीसाठी बाहेर जाणं बहुतेकांना सगळ्यात महाग पडतं. घाई मात्र सगळ्यांना तिथेच असते.

म्हणून वरून सुरुवात करते. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत पीएचडी करणारा बहुतेकदा विद्यापीठाचा नोकरदार असतो. करार, पगार, रजा, सगळं रीतसर. या जागा पुष्कळदा प्रवेशाच्या पानावर नसतात, विद्यापीठाच्या नोकरीच्या जाहिरातींत असतात, आणि ते ठाऊक नसल्यामुळे कित्येकांच्या नजरेतून सुटतात. अमेरिकेत विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक विभागांत पीएचडीला शुल्क माफ होतं, वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल महिन्याला मानधन मिळतं. तिथे पदवीनंतर थेट अर्जही करता येतो. स्वखर्चाने पीएचडी करा असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पहिलं नाव घेते ते ‘इरास्मस मुंडुस’चं. युरोपीय संघाच्या पैशावर चालणारे हे संयुक्त अभ्यासक्रम आहेत. विद्यार्थी किमान दोन देशांतल्या विद्यापीठांत शिकतो. शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क भरावं लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. अर्ज कुठल्याही देशाच्या नागरिकाला करता येतो. स्पर्धा तगडी असते, पण विषय इतके नेमके असतात (पाण्याचं व्यवस्थापन, खगोलभौतिकी, स्थलांतराचा अभ्यास) की ज्याची खरंच त्या विषयात गती आहे तो गर्दीतून वर येतो. सरसकट हुशार असण्यापेक्षा एकाच गोष्टीत मुरलेलं असणं इथे जास्त उपयोगी पडतं.

जर्मनीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरायची. अपवाद मात्र आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलं. पण खरी अडचण शुल्काची नसतेच. राहण्याखाण्याची सोय आहे हे व्हिसाच्या वेळी दाखवावं लागतं, आणि त्यासाठी २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात. पैसे तुमचेच, दर महिन्याला थोडे थोडे परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करायचे असतात. ‘फुकट शिक्षण’ ऐकून निघालेली माणसं इथे येऊन थांबतात. नॉर्वेची फुकट शिक्षणाची कीर्तीही आता जुनी झाली. २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे शुल्क आहे.

याउलट इटलीबद्दल फार कमी जण विचारतात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शुल्क बहुधा कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं, आणि प्रांतांच्या गरजेवर आधारित शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात. उत्पन्नाची आणि मालमत्तेची कागदपत्रं भाषांतरित, प्रमाणित करून द्यावी लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण करण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर शिष्यवृत्ती थांबते, कधी परतही करावी लागते, एवढं लक्षात ठेवून जा.

पदवीसाठीच जायचं असेल तर? थोडक्यात सांगते, कारण हे मोजक्यांसाठीच आहे. अमेरिकेतली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ ही ठिकाणं परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना त्याची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश मिळाल्यावर कुटुंबाला जेवढं झेपत नाही तेवढं स्वतः भरतात. प्रवेश मिळणं मात्र महाकठीण.

उरलेल्यांसाठी माझा आवडता मार्ग साधा आहे. पदवी स्वतःच्या देशात करा आणि त्यातलं एक सत्र दोन विद्यापीठांमधल्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या करारावर बाहेर काढा. अशा करारात शुल्क आपल्याच विद्यापीठाला भरायचं असतं, यजमान विद्यापीठ वेगळं मागत नाही. प्रवास आणि राहणं तेवढं अंगावर येतं, त्यासाठीही कधीकधी अनुदान मिळतं. जागा कमी असतात हे खरं, पण असा करार आपल्या कॉलेजचा आहे की नाही हे विचारायलाही कुणी जात नाही.

घर न सोडता शिकण्याबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य सगळ्यांसाठी मोफत खुलं करण्याची घोषणा केली, आणि त्यातून शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. पण ती आधीच शिस्तीची होती. २००९ मध्ये सुरू झालेलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल’ हे ऑनलाइन विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, मूल्यमापनाचं शुल्क मात्र घेतं. अशी कोणतीही ऑनलाइन पदवी घेण्याआधी ती आपल्या देशात नोकरीला आणि पुढच्या प्रवेशाला चालते का, हे लेखी विचारून घ्या.

एजंटांबद्दलही विचारता, म्हणून सांगते. अनेक देशांतली विद्यापीठं प्रत्येक विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात. त्यात गैर काही नाही, पण मग एजंटच्या यादीत कोण असेल याचा अंदाज करा. जे विद्यापीठ शुल्कच घेत नाही, ते कमिशन कशातून देणार?

आता माझ्या कामाची गोष्ट. अर्जासोबतची पत्रं वाचून वाचून सांगते, निम्मी पत्रं ‘लहानपणापासून माझं स्वप्न होतं’ने सुरू होतात आणि त्यांत विद्यापीठाचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही. चांगलं पत्र वाचलं की त्या अभ्यासक्रमातला कोणता विषय या मुलाला हवाय आणि तो शिकून आल्यावर नेमकं काय करणार, हे कळतं. कुणाच्या संशोधनात रस आहे असं लिहिलं असेल तर ते संशोधन वाचलेलं असावं, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं नको, ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय अशा शिक्षकांचं घ्या. प्रमुखांच्या सहीच्या चार गुळगुळीत ओळींनी आम्हाला काहीच समजत नाही.

बरेच जण शेवटच्या परीक्षेचा निकाल हातात आल्यावर माझ्याकडे येतात. इरास्मस मुंडुसचे बहुतेक अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात, तेही पुढच्या शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी. म्हणजे अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच करायचा. तो चालतो. पदवीचं प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू होण्याआधी हजर केलं की झालं.