कानातला आवाज

२६ जुलै २००५ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्या बंद पडल्या, तेव्हा मी एका मराठी वाहिनीच्या कंट्रोल रूममध्ये बातमीपत्राची निर्माती होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे दक्षिण मुंबईतला आमचा स्टुडिओ व्यवस्थित चालू होता, पण उपनगरातून येणारी वृत्तनिवेदिका वाटेतच अडकली होती. बातम्या मीच लिहिल्या असल्याने त्या मीच वाचाव्यात, असे ठरले.

माझा कुर्ता हिरवा होता आणि मागे क्रोमाचा पडदाही हिरवाच. क्रोमात हिरव्या रंगाच्या जागी दुसरे चित्र दिसते, म्हणजे पावसाचा नकाशा माझ्या अंगावरच उमटला असता. एका सहकाऱ्याचे काळे जाकीट मिळाले.

वाचायचा मजकूर दाखवणाऱ्या प्रॉम्प्टरची अक्षरे कॅमेऱ्याच्या भिंगापुढच्या तिरक्या काचेवर उमटतात आणि ऑपरेटर वाचणाऱ्याच्या वेगानेच मजकूर सरकवतो, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही मजकूर निसटेल या भीतीने मी वेग वाढवत गेले, मी वाढवला म्हणून त्यानेही वाढवला, आणि दुसऱ्या बातमीपर्यंत मला धाप लागली. फ्लोअर मॅनेजरने तळवे खाली दाबून खूण केली, तेव्हा मी पूर्णविरामावर थांबले; काचेवरची ओळही थांबली.

खरी परीक्षा कानात होती. सहा वर्षे मी टॉकबॅकवरून, म्हणजे बटण दाबून थेट निवेदकाच्या कानात बोलता येणाऱ्या यंत्रणेवरून, निवेदकांना सूचना देत आले होते, आणि ‘पुढची बातमी बदलली, आधी मिठी नदीची घे, वार्ताहर फोनवर आहे, तीस सेकंद’ असे एका दमात सांगण्यात मला काही वावगे वाटत नसे. त्या रात्री तशीच सूचना माझ्या कानात आली, तेव्हा मी मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक वाचत होते. मधले दोन अंक उलटसुलट झाले. घरचे माणूस परतले नाही म्हणून कोणीतरी तो क्रमांक कागदावर उतरवून घेत असेल, या विचाराने मी अक्षरशः गारठले. क्षमा मागून तो सावकाश दोनदा वाचला आणि मगच पुढे गेले. त्या चुकीची टोचणी आजही गेलेली नाही.

वृत्तनिवेदिका परतल्यावर मी पुन्हा माझ्या जागी बसले. बातम्यांचा क्रम बदलला, तेव्हा तिचे वाक्य संपेपर्यंत मी बटण दाबले नाही, आणि दाबले तेव्हा एवढेच म्हणाले, ‘मिठी आधी.’