थोमाचं शुभवर्तमान: भांडण नेमकं कोणत्या ओळीवर आहे?

थोमाचं शुभवर्तमान म्हणजे येशूचा शिष्य थोमा याच्या नावावरचं, येशूच्या 114 वचनांचं, बायबलमध्ये नसलेलं पुस्तक. त्यावर दोन वाचक बोलायला बसले की तीन मतं निघतात. एकाच्या मते चर्चने दडवलेला खरा येशू तो हाच. दुसऱ्याच्या मते ही दुसऱ्या शतकातली गोधडी, बायबलमधल्या चार अधिकृत शुभवर्तमानांतले (मत्तय, मार्क, लूक, योहान) तुकडे कापून शिवलेली. तिसऱ्याला त्यात सरळसरळ अद्वैत दिसतं. नीट ऐकलं तर कळतं की 114 वचनांपैकी प्रत्येकाने आपापली दहा-बारा धरून ठेवली आहेत आणि बाकीची वाचताना डोळे पुढे सरकवले आहेत. त्यामुळे वाद मिटवायचा असेल तर आधी विचारायचं: वचन कितवं, आणि कोणत्या प्रतीतलं?

कारण प्रती दोन तऱ्हेच्या आहेत. सलग, जवळजवळ पूर्ण मजकूर फक्त कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेत मिळतो. 1945 मध्ये वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ ज्या चामडी बांधणीच्या पपायरस-पोथ्या सापडल्या, त्यांतल्या दुसऱ्या पोथीत हा मजकूर आहे. ती पोथी चौथ्या शतकातली. (शोधाची कथा रक्ताच्या सूडासकट रंगवून सांगितली जाते. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलले आहेत, तिच्यावर फार भार टाकू नये.) दुसरी तऱ्हा ग्रीक तुकड्यांची. इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या जुन्या शहराच्या उकिरड्यातून 1897 ते 1903 दरम्यान ग्रेनफेल आणि हंट या ब्रिटिश संशोधकांना मिळालेले हे तीन तुकडे इसवी 200च्या आसपासचे आणि तिसऱ्या शतकातले आहेत. त्यांतला एक तर जमीन-मोजणीच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला आहे. कॉप्टिक पोथी हाती येईपर्यंत हे तुकडे कोणत्या ग्रंथाचे, हेच कळलं नव्हतं.

या ग्रंथात जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. बहुतेक ठिकाणी नुसतं ‘येशू म्हणाला’ आणि वचन. वचनांचे आकडे आधुनिक संपादकांनी घातले, पोथीत ते नाहीत. मातीच्या चिमण्या उडवणारा बाळ येशू इथे शोधू नका, तो थोमाच्याच नावावरच्या बालपण-कथांत आहे. थोमा आणि भारत हा विषयही इथला नव्हे, तो ‘थोमाची कृत्ये’ या तिसऱ्याच ग्रंथातला. आणि 325 साली नायसियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत हे पुस्तक बाद झालं, असं कुणी ठासून सांगितलं तर त्या परिषदेत बायबलच्या पुस्तकांची यादी ठरलीच नव्हती, एवढंच सांगून पुढे जावं. विरोध मात्र खराच होता. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने या पुस्तकाला पाखंडी लिखाणांत बसवलं आणि यरुशलेमचा बिशप सिरिल याने ते कुणी वाचू नये असं बजावलं.

आता सगळ्यात जास्त उद्धृत होणारं वचन घेऊ, 77वं. कॉप्टिकमध्ये ते साधारण असं: ‘सर्वांवर असलेला प्रकाश मी आहे. मीच सर्व आहे. सर्व माझ्यातून निघालं आणि सर्व माझ्यापर्यंत पोचलं. लाकूड फोडा, मी तिथे आहे. दगड उचला, तिथे मी सापडेन.’ चराचरात ईश्वर, असं म्हणणाऱ्यांची सगळी भिस्त यावर असते. पण ग्रीक तुकड्यात लाकूड-दगडाचं वाक्य इथे नाहीच. ते 30व्या वचनाला जोडलेलं आहे. ते वचन एकट्या-दुकट्या माणसाबरोबर येशू असतो अशा अर्थाचं आहे, आणि त्यापुढे येतं ‘दगड उचल, तिथे मी सापडेन, लाकूड फोड, मी तिथे आहे’. तिथे प्रकाश नाही, ‘सर्व’ नाही. दगड उचलणारा आणि लाकूड फोडणारा एकटा मजूर डोळ्यांपुढे येतो, आणि त्याला दिलेली सोबतीची ग्वाही.

मग वाक्य तिकडून इकडे आलं कसं? कॉप्टिकमध्ये ‘पोचणे’ आणि ‘फोडणे’ या दोन्हींसाठी ‘पोह’ हाच शब्द आहे. ‘सर्व माझ्यापर्यंत पोह’, लगेच ‘लाकूड पोह’. शब्दाला शब्द लागला आणि वाक्य त्याला चिकटलं. ग्रीकमध्ये आधी दगड आणि मग लाकूड, इथे क्रम उलटा झालाय, तोही बहुधा याचसाठी. हा जोड ग्रीकमध्ये बसत नाही, म्हणजे तो भाषांतरात किंवा त्यानंतर पडला. 77व्यातून ज्याला सर्वव्यापी ईश्वर वाचायचा त्याने खुशाल वाचावा, कॉप्टिक वाचणाऱ्यांनीही तसंच वाचलं असेल. फक्त त्यावरून पहिल्या शतकात गालीलात, म्हणजे त्याच्या मुलखात, येशू काय बोलला हे सिद्ध करायला जाऊ नये.

दुसरं वचन 65वं, द्राक्षमळ्याचं. मार्कच्या बाराव्या अध्यायात हाच दाखला आहे. मालक मळा खंडाने देतो, फळ आणायला एकामागून एक नोकर पाठवतो, कुळं त्यांना मारतात, शेवटी मुलालाही मारतात. थोमात दोनच नोकर आणि मग मुलगा. कुंपण, द्राक्षकुंड, बुरूज हे जुन्या करारातल्या यशयाच्या पाचव्या अध्यायातून आलेले तपशील गायब. मालक येऊन कुळांचा नाश करील हा शेवटही नाही. दोन नोकर आणि मुलगा असंच मूळ रूप असावं, असा अंदाज बायबलचे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी 1935 मध्ये, म्हणजे पोथी सापडण्याच्या दहा वर्षं आधीच बांधला होता. त्यामुळे थोमाला जुना आणि त्या चार शुभवर्तमानांपासून स्वतंत्र मानणाऱ्यांना हे वचन हुकमाचा पत्ता वाटतं.

पण हाच पत्ता उलटूनही पडतो. कुंपण-कुंड-बुरूज लूकनेही गाळलेत, म्हणजे गाळलेलं रूप जुनंच असेल असं नाही. मुलाला पाठवताना लूकमधला मालक म्हणतो, ‘कदाचित याचा मान राखतील.’ हे ‘कदाचित’ मार्क आणि मत्तयमध्ये नाही, थोमात मात्र आहे. शिवाय थोमाचं 66वं वचन म्हणजे बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड, तीच कोनशिला. मार्कमध्येही दाखल्याला लागून हेच येतं. दोन सुट्या वचनांचा तोच क्रम योगायोगाने आला म्हणायचं तर जरा जड जातं.

आणि याच वचनात पपायरसला एक भोक आहे. पहिल्याच ओळीत मालकाचं वर्णन ‘ख्रे’ने सुरू होतं, शेवटी ‘स’ दिसतो, मधली अक्षरं गेली आहेत. ती भरली तर ‘ख्रेस्तोस’ होतं, म्हणजे भला माणूस, किंवा ‘ख्रेस्तेस’, म्हणजे कर्ज देणारा सावकार. फरक एका स्वराचा. भला माणूस घेतला तर दाखला ओळखीचा राहतो, देव आणि त्याला नाकारणारी माणसं. सावकार घेतला की सगळं फिरतं. कुळं पिचलेली वाटू लागतात आणि पैशाच्या मागे लागून मुलगा गमावणारा मालक हाच धड्याचा विषय होतो. शेजारची वचनं सावकाराच्या बाजूने बोलतात. 63व्यात पैसा गुंतवण्याच्या बेतात असलेला श्रीमंत त्याच रात्री मरतो. 64व्यात व्यवहाराची निमित्तं सांगून जेवण टाळणारे येतात, आणि विकणारे-घेणारे पित्याच्या घरी येणार नाहीत असा शेवट होतो. 95व्यात तर व्याजाने पैसे देऊ नका असं सरळ सांगितलंय. माझा कल सावकाराकडे आहे. पण भाषांतर विकत घेताना एवढं जरूर पाहा: भरलेल्या अक्षरांना चौकोनी कंस घातलेत का? काही लोकप्रिय भाषांतरांत ‘एक भला माणूस होता’ असं बिनकंसाचं छापलेलं असतं आणि वाचकाला भोक आहे याचा पत्ताही लागत नाही.

काळ कोणता, यावरची भांडणंही अशीच एकेका शब्दावर येऊन थांबतात. 31वं वचन ग्रीकमध्ये शाबूत आहे. संदेष्टा स्वतःच्या गावात ‘देक्तोस’ म्हणजे स्वीकारलेला नसतो, आणि वैद्य ओळखीच्यांना बरं करत नाही. मार्कमध्ये याच जागी वेगळा शब्द आहे, मानाविषयीचा. ‘देक्तोस’ लूकचा, आणि लूकमध्ये त्याच्या आधीच्याच ओळीत वैद्याची म्हण आहे. मार्क गुडेकर आणि सायमन गॅदरकोल यांच्यासारखे अभ्यासक अशा खुणांवरून म्हणतात की थोमा लिहिणाऱ्याला लूक ठाऊक होता. उलट बाजू सांगते की जोडम्हण मूळची, आणि मार्कने तिच्यातूनच प्रसंग रचला. त्याच्याकडे गावात येशूला फारसं कुणाला बरं करता आलं नाही असं लगेच येतंच. एप्रिल डीकॉनिक यांचं म्हणणं तिसरं. मूळ गाभा लहान होता, त्यावर दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत थर चढत गेले. मला हे सगळ्यात पटतं, कारण त्याशिवाय 12वं आणि 13वं वचन शेजारी कसं नांदतं ते कळत नाही. एकात येशू शिष्यांना नीतिमान याकोबाकडे जायला सांगतो, लगेच पुढच्यात थोमा सगळ्यांच्या वर. फक्त थरांच्या सिद्धान्तात एक खोड आहे, नको असलेलं वचन उचलून नंतरच्या थरात टाकता येतं.

114वं याचं ठळक उदाहरण. पेत्र म्हणतो मरियेला बाहेर काढा, बायका जीवनाला पात्र नाहीत. येशू म्हणतो मी तिला पुरुष करीन. पुस्तक आवडलेले वाचक इथे हमखास ठेचकाळतात आणि ‘हे मागाहून जोडलंय’ म्हणून मोकळे होतात. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. 113व्यात राज्य पृथ्वीवर पसरलंय आणि लोकांना दिसत नाही असं येतं, ते 3ऱ्या वचनाला जाऊन भिडतं आणि तिथे पुस्तक सुरेख मिटतं. 22व्यात तर पुरुष पुरुष राहू नये, स्त्री स्त्री राहू नये असं आहे. पण ग्रीक तुकडे तिथवर पोचतच नाहीत, आणि 114व्याशिवायची एकही प्रत नाही. शिवाय ‘पुरुष होणं’ ही त्या काळची आध्यात्मिक परिभाषा होती. 203 साली कार्थेजमध्ये मारल्या गेलेल्या पर्पेतुआच्या रोजनिशीतही स्वप्नात ती पुरुष होते. आवडत नाही म्हणून वचन उशिराचं ठरत नाही.

नॉस्टिक, म्हणजे गुप्त ज्ञानाने मुक्ती मिळते असं मानणाऱ्या जुन्या पंथांचा, या शिक्क्याबद्दल थोडक्यात. पोथीत या मजकुराच्या आधी योहानाचा गुप्तग्रंथ आणि नंतर फिलिपचं शुभवर्तमान आहे, म्हणून शेजाऱ्यांचा रंग याला लागतो. पण नॉस्टिक कथांतला जग घडवणारा अडाणी देव थोमात नाही, सोफिया या दैवी शक्तीचं पतनही नाही. हे न पाहता शिक्का मारणं घाईचं. मात्र ‘गुप्त वचनं’ ही पहिलीच ओळ त्या मंडळींना आवडली असणार यात शंका नाही.

काही वचनांत मतभेद नसून चक्क बुचकळा आहे. 7व्यात माणसाने खाल्लेला सिंह धन्य, कारण तो माणूस होतो, आणि सिंहाने खाल्लेला माणूस अभागी, ‘आणि सिंह माणूस होईल’. शेवटी ‘माणूस सिंह होईल’ हवं होतं, लेखनिक चुकला असं अनेक संपादक धरतात. गंमत अशी की नाग हम्मादीच्याच सहाव्या पोथीत प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला एक उतारा कॉप्टिकमध्ये आहे, आणि तो नेमका माणसाच्या आत राहणाऱ्या सिंहाचा! 42वं सगळ्यात छोटं, ‘वाटसरू व्हा’. कुणी फिरस्ते प्रचारक वाचतो, कुणी जगाशी अलिप्तपणा.

वाचायचं कसं, तर दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत मत्तय, मार्क, लूक शेजारी उघडे ठेवून ज्या वचनांना जोड आहे त्यांवर खूण करा. निम्म्याहून जास्त निघतील. प्रत्येकाला थोमात काय कमी आणि काय जास्त, ते समासात लिहा. पेरणाऱ्याच्या दाखल्याला स्पष्टीकरण नाही, कैसराला (रोमी सम्राटाला) कर देण्याच्या प्रसंगात दिनाराऐवजी सोन्याचं नाणं, अशा नोंदी. दुसऱ्या फेरीत 1 ते 7, 26 ते 33, 36 ते 39 आणि 77 यांचं ग्रीक रूप कॉप्टिकच्या शेजारी ठेवा. बहुतेक चुका पहिली फेरी न करता उरलेल्या वचनांवर उडी मारल्याने होतात. अनोळखी तेच अस्सल वाटू लागतं.

उरलेल्यांत 97वं मात्र सावकाश वाचावं असं आहे. राज्य कसलं, तर पिठाने भरलेलं मडकं घेऊन लांबच्या वाटेने चाललेल्या बाईसारखं. मडक्याची मूठ फुटते, पीठ मागे वाटेवर सांडत राहतं, तिला कळत नाही. घरी येऊन मडकं ठेवते तर ते रिकामं. कुणी याला गाफिलांना इशारा म्हणतं, कुणी नकळत पसरणाऱ्या राज्याचं चित्र. त्याआधीच्या 96व्यात खमिराने पीठ फुगतं आणि शेवटी ‘ज्याला कान आहेत त्याने ऐकावं’ येतं. कॉप्टिकमध्ये कानाला ‘माजे’ म्हणतात आणि 97व्यात मडक्याचं जे फुटतं तेही ‘माजे’च. इंग्रजीत कान आणि मूठ वेगळे शब्द झाल्याने हा धागा तुटतो. मराठीत कपाला कान असतो, तसा मडक्यालाही देता येईल: ज्याला कान आहेत त्याने ऐकावं, आणि लगेच पुढच्या वचनात वाटेवर मडक्याचा कान फुटला.