पडण्याचा सराव : गाडी अडली ती कॅचपाशी

एक चढणारी क्लाइंबिंगच्या भिंतीवर पडण्याचा, म्हणजे हात सोडून दोरावर झेललं जाण्याचा (हाच कॅच), सराव करते आहे. गेल्या नोंदीपर्यंत तिला शेवटचा बोल्ट (दोर अडकवायचा भिंतीतला आधार) गुडघ्यापाशी ठेवून पडणं जमलं होतं. भीतीचा आकडा दहापैकी तीनवर टिकला, म्हणून बोल्ट पावलांखाली नेला. दोन सत्रांत आकडा थेट सातवर! सुटायच्या क्षणी हात पुन्हा दोर पकडायला धावू लागले.

उंची वाढल्यामुळे असेल, हा अंदाज चुकला. व्हिडिओ संथ केल्यावर खरं कारण दिसलं. दोर ताणला जातो तेव्हा बिलेयरचे (खालून दोर सांभाळणाऱ्याचे) पाय जमिनीला घट्ट, आणि चढणारीची पावलं भिंतीवर धाडकन आपटतात. ती 52 किलोची, बिलेयर 80 चा. एवढ्या फरकात तो आपोआप उचलला जात नाही आणि ग्रिग्रीतून (झटका बसताच दोर अडवणाऱ्या बिलेयरच्या साधनातून) दोर फारसा सरकत नाही. शिवाय सिंगल रोपची (एकट्याने वापरायच्या दोराची) ईएन 892 ही युरोपीय मानक चाचणी 80 किलो वजनावर होते. हलक्या अंगाला तोच दोर कडक लागतो. दर वेळी असा दणका बसत असेल तर भीती रास्तच आहे, नुसता श्वास मोजून ती जाणार नाही. बायकांना ‘मन घट्ट कर’ म्हणण्याआधी कॅच तपासा.

जादा स्लॅक (ढिला सोडलेला दोर) हा इलाज नव्हे. पडणं लांबतं, कॅच कडकच राहतो. बिलेयरने गुडघे सैल ठेवायचे आणि दोर ताणू लागला की हलकी उडी घ्यायची. उडी लवकर झाली तर तो खाली येत असताना दोर ताणतो आणि झटका वाढतो. ब्रेकचा हात सुटता कामा नये. ट्यूबमधून (दोर स्वतः न अडवणाऱ्या साध्या साधनातून) दोर थोडा सरकून कॅच मऊ होतो, पण नवख्या हातात ग्रिग्रीच बरा.

सराव किंचित ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भिंतीवर), पाचव्या-सहाव्या बोल्टच्या वर. दोन पडण्यांमध्ये दोराला काही मिनिटं विश्रांती द्यायची, नाहीतर तो ताठ होत जातो. सुटण्याआधी दोर पायामागे नाही ना, हे बघायचं. मग श्वास बाहेर, गुडघे वाकलेले, हात मोकळे.

परवा सहापैकी चार वेळा तिची पावलं मांजरीसारखी अलगद टेकली. आकडा चारवर आला!

पुढचा टप्पा न सांगता पडण्याचा होता, तो पुढे ढकलतो. आणि हे लिहितानाच सुचलं : उडीची वेळ शिकायला माणूस कशाला पाडायचा? 50 किलो वाळूची बॅग टॉप रोपला (वरच्या आधारातून खाली बिलेयरकडे आलेल्या दोराला) बांधायची, दुसऱ्या दोराने मीटरभर वर ओढून सोडायची, खाली कोणीही उभं नाही. बिलेयरच्या लागोपाठ दहा उड्या वेळेवर पडेपर्यंत तिचा बोल्ट पुन्हा गुडघ्यापाशी.